युरोप पोरांना चालत नाही

देवाशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एक किस्सा सोडून. तो कोणता, ते शेवटी. ऑफिसातले किस्से पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांसारखे साठतात. कोपऱ्यात पडून राहतात आणि एखाद्या दिवशी भसकन पेटतात.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझ्या शेजारच्या टेबलावरचा विलास चौधरी बायको आणि दोन लहान पोरं घेऊन युरोप फिरून आला. मेव्हणा जर्मनीत, तिकिटं त्याची. जळगावात डांबर वितळत होतं, तेव्हा हा स्वेटर घालून हिंडत होता.

माझी बायको म्हणाली, "विलासभाऊजी पोरांना विमानात बसवतात. आमच्या पिंकीला तुम्ही दर सुट्टीत शिरपूरला मावशीकडे सोडून येता."

मी म्हणालो, "युरोप लहान पोरांना चालत नाही."

बोलून तर बसलो. आता सिद्ध करणं आलं.

*

विलास रोज डब्याच्या सुट्टीत अल्बम उघडायचा. पहिलं पॅरिस. मनोऱ्यापाशी एवढी मोठी रांग, की धाकट्याने रांगेतच चड्डी ओली केली.

"म्हणजे नापास," मी म्हणालो.

"अरे, पण वरून काय दिसतं!"

आमचे हेडक्लार्क नाना मूळचे धुळ्याकडचे. चष्मा पुसत म्हणाले, "वर चढीसनी काय करनं? परत खालेच उतरनं शे ना."

त्या दिवशी नानांना मी चहा पाजला.

*

मग व्हेनिस. दाराबाहेर रस्त्याऐवजी पाणी. धाकटा सारखा पाण्याकडे धावायचा, म्हणून वहिनींनी परकराची नाडी त्याच्या करदोट्याला बांधली आणि शेळीसारखा धरून अख्खं गाव फिरवला.

"लोक हसले असतील," मी आशेने विचारलं.

"छे. एक गोरी बाई विचारत होती, हा पट्टा कुठल्या दुकानात मिळतो?"

तरी मी नापासच केलं. नाडीच्या भरवशावर बघायचं गाव काय कामाचं?

*

स्वित्झर्लंड मात्र जड गेलं. फोटोत बर्फच बर्फ, त्यात विलासची थोरली बसलेली. घरी मी सांगितलं, "पोरगी मूठभर बर्फ घेऊन बापाकडे गेली. म्हणे, यावर लाल रंग टाका, गोळा करून द्या. तिथं रंग कुठला? रडून रडून डोंगर डोक्यावर घेतला."

बायको भाकरी थापायची थांबली. "खरंच रडली?"

"हमसून हमसून."

पिंकी जेवायचं सोडून ऐकत होती.

*

थंडीत जळगावजवळच्या असोद्याला, नानांच्या जावयाच्या शेतात भरीत पार्टी. सगळे सहकुटुंब. काड्यांवर वांगी भाजली जात होती, धुराने पोरांचे डोळे लाल. विहिरीला कठडा नाही. मिरची अशी, की विलासचा धाकटा जागच्या जागी नाचत होता. बायकोने सगळीकडे नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "अहो, असोदा पोरांना चालतं का?"

मी वांगं सोलत राहिलो.

पंगत बसली. पिंकी विलाससमोर जाऊन उभी राहिली.

"काका, युरोप पोरांना चालत नाही ना?"

"कोण म्हणतं?"

"बाबा. मग तिथले लोक आपली पोरं कुठे ठेवतात?"

नानांचा घास हातात राहिला. बायकोने माझ्या पानात भरीत वाढलं आणि म्हणाली, "शिरपूरला. मावशीकडे."

*

हां, तो बनवलेला किस्सा. गोळ्याचा. विलासच्या पोरीने काहीच मागितलं नव्हतं. त्या फोटोत ती तोंड भरून हसते आहे.