कट्टी आणि लांबचा रस्ता

सन २०२३. मला एकाहत्तरावं चालू होतं आणि सकाळी नऊला नातीला बालवाडीत पोचवायचं काम माझ्याकडं होतं. मुलगा-सून दोघं नोकरीला. मी शिकलो तिसरीपर्यंत, तेही धड नाही. पण शाळेच्या दारात रोज मीच पहिला. नात चार वर्षांची.

करंजाडेला आमच्या बिल्डिंगपासून बालवाडी तशी जवळ. सरळ गेलं तर पाच मिनिटं. पण त्या सरळ रस्त्यावर माझ्या धाकट्या भावाचं घर, म्हणून मी पोरीला बागेला वळसा घालून न्यायचो. पंधरा मिनिटं लागायची. ती दप्तर सांभाळत गुपचूप चालायची, वळताना एकदा त्या घराकडं बघायची. तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

भावाशी माझा अबोला अकरा वर्षांचा. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत त्यानं माझं नाव स्वतःच्या व्याह्याच्या खाली छापलं. घरात मी थोरला, आणि माझं नाव तिसऱ्या ओळीत! मी हळदीलाही गेलो नाही, लग्नालाही नाही. तो दोनदा दारात आला, मी पाठ करून बसलो. खोटं कशाला सांगू, मला या हट्टाचा अभिमान होता. चार माणसांत सांगायचो, "आपण एकदा तोंड फिरवलं की फिरवलं."

पावसाळा संपता संपता एक दिवस नात घरी आली ती हुंदके देत. तिच्या वर्गातल्या चष्मेवाल्या मैत्रिणीनं तिचा लाल खडू मोडला होता.

"मग तू काय केलंस?"

"कट्टी." तिनं करंगळी दाखवली.

"शाब्बास! आता मोडायची नाय. आपल्या घरातली माणसं कट्टी मोडत नाय."

तिनं डोळे पुसले आणि मान हलवली. मला केवढं बरं वाटलं. माझीच नात, म्हटलं.

पंधरा दिवसांनी बालवाडीच्या बाईंनी मला थांबवलं. बाई म्हणजे माझ्या सुनेपेक्षाही लहान पोरगी. म्हणाल्या, "आजोबा, घाई नसेल तर इथं खिडकीशी उभे राहा. तिला दिसू नका."

मी उभा राहिलो. पोरं गोल करून गाणं म्हणत होती. माझी नात भिंतीला टेकून एकटी, ओठ घट्ट मिटलेले. डबा खायची वेळ झाली, सगळ्यांनी डबे उघडले. हिनं मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी झाकून धरला. चष्मेवालीनं तिच्यापुढं बिस्किट धरलं तर हिनं तोंड भिंतीकडं केलं. हुबेहूब मी.

बाई हळू आवाजात सांगू लागल्या. आधी कट्टी एकीशी. मग जी जी मुलं तिच्याशी खेळतील त्यांच्याशी. बाईंनी दोघींना शेजारी बसवलं, म्हणून बाईंशीही. "काल तिला शूला जायचं होतं. पण माझ्याशी कट्टी ना, सांगणार कसं? कपडे ओले झाले. कुणी हसलं नाही, मी लगेच बदलले. पण ती रडलीसुद्धा नाही, आजोबा. मला त्याचीच काळजी वाटते."

सूनबाईनं काल पिशवीतली ओली चड्डी मला दाखवली होती. मी म्हटलं होतं, पाणी सांडलं असेल.

"राग आला तर येऊ दे," बाई म्हणाल्या. "आम्ही इथं कट्टीला नाही म्हणत नाही. फक्त काय लागलं ते तोंडानं सांगायचं, आणि घरी जायच्या आधी बट्टी करायची. नाहीच जमलं तर 'उद्या करू' एवढं तरी म्हणायचं. बाकीच्यांना येतं. हिला रुसता येतं, परत कसं यायचं ते येत नाही. घरी कुणी करून दाखवतं का?"

"आमच्या घरात सगळं शिकवतात," मी म्हटलं आणि तरातरा निघालो. लांबच्याच रस्त्यानं.

दुपारी पोरगी घरी आली. मी तिला मांडीवर घेतलं. "उद्या त्या चष्मेवालीशी बट्टी करून टाक. मी सांगतो ना."

"तुम्ही केली?"

"मी कुणाशी करू?"

"त्या घराशी. जिथून आपण जात नाही."

आत आमची म्हातारी भाकऱ्या थापत होती. थापायचा आवाज थांबला. "धरलं का पोरीनं? आता द्या उत्तर! अकरा वर्स झाली, मी सांगून दमले."

"तू गप. मोठ्या माणसांचं येगळं असतं."

"व्हय, मोठी माणसं! पत्रिकेत नाव खाली आलं म्हणून रुसलेली!"

पोरीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग माझी करंगळी हातात घेऊन ती उलटसुलट करत बसली, तिच्यावरच काही लिहिलेलं असावं तशी.

"मोठ्या माणसांची बट्टी नसते?"

मी करंगळी सोडवून घेतली.

"मग माझी पण आता कधीच नाही?"

तिनं हे रडत विचारलं असतं तर मी समजूत घातली असती. तिनं नुसतं विचारलं. सांगितलेलं सगळं नीट पाळलेल्या माणसासारखं. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो. आतून दोन भाकऱ्या करपल्याचा वास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं दप्तर मी माझ्या खांद्याला लावलं आणि बिल्डिंगच्या फाटकातून सरळ निघालो. पोरीनं बागेकडं हात ओढला. "आजोबा, इकडून."

"आज इकडून नाय."

भाऊ दारात पाइप धरून स्कूटर धूत होता. केस सगळे पांढरे झालेले. मला माहीतच नव्हतं. मला बघून तो तसाच उभा राहिला. पाणी त्याच्याच पायांवर पडत होतं. मी खांद्यावरचं दप्तर सारखं करत राहिलो. पोर कुजबुजली, "बोटं दाखवा."

मी दोन बोटं जोडून पुढं केली. एकाहत्तराव्या वर्षी, भर रस्त्यात.

भावानं पाइप खाली टाकला. बोटं कशी लावायची तेही तो विसरला असावा; त्यानं माझा अख्खा हातच धरला. "दादा, चाय घे."

"पत्रिकेचं मला लागलं होतं," मी म्हटलं. एवढं एक वाक्य, अकरा वर्षांत पहिल्यांदा. "आता पोरीला उशीर होतो. येताना येतो."

बालवाडीत ती आत गेली, मी परत त्या खिडकीशी उभा राहिलो. चष्मेवालीच्या शेजारी बसली नाही, एका पोराची जागा सोडून बसली. मग डबा उघडायच्या वेळी ती जागा तिनं सरकत सरकत भरून काढली. बाई नुसत्या बघत होत्या.

एवढं बघून मी खिडकी सोडली आणि जवळच्या रस्त्यानं भावाकडं चहाला गेलो.