टोपी मऊ होती

भगिनींनो, भजनी मंडळाच्या फळ्यावर आज अभंगाऐवजी हे लावते आहे.

आज खंडेनवमी. आमच्याकडं पूजेनंतर अंगणात एक बार काढायची रीत आहे. दिरांची रायफल लष्करी, आपोआप भरणारी. रिकामी काडतुसं मात्र ते घरीच दारू घालून भरतात. आरती झाली, दिरांनी काडतूस घालून मागं ओढलेला बोल्ट सोडला आणि बार उडाला. नळी अजून खालीच होती. बोट घोड्यावर नव्हतं, मी समोरच उभी होते. गोळी फरशीवरून उसळली आणि ताट धरलेल्या त्यांच्या बायकोच्या, माझ्या धाकट्या जावेच्या खांद्यात शिरली.

सासूबाई म्हणाल्या, "देवीचा कोप हाय. नारळ नासका निघाला की."

दवाखान्यात दीर खाली बघत म्हणाले, "कोप न्हाय, वहिनी. काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी मऊ घेतली मी. साध्या रायफलीला चालती. हिचा बोल्ट आदळतो, त्या दणक्यानंच पेटली. कडक टोपी मिळंना, म्हटलं सणापुरतं भागंल."

जाऊ अजून शुद्धीवर नाही. घरी शांतीची तयारी चाललीय, तीही करीन. पण त्याच टोप्यांची उरलेली काडतुसं हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली होती, ती आधी काढायला लावली.

तुमच्या देव्हाऱ्यापुढं आज ठेवलेली काडतुसं कुणी भरली, कुठल्या टोपीनं, हे तुम्ही विचारलंत का?