काळं तिकीट आणि काचेचा बाऊल

दिवाकर गेल्याचं सुमनवहिनींनीच फोनवर सांगितलं. "भाऊजी, हे गेले. हार्ट अटॅक. फार क्विक झालं सगळं." एडिनबराहून साउथॅम्प्टनची ट्रेन शोधताना माझ्या डोळ्यांसमोर दिवाकर येत नव्हता, त्याच्या घरातला एक काचेचा बाऊल येत होता. चाळीस वर्षांचा मित्र... आणि आठवावा बाऊल! पण खोटं कशाला लिहू.

पुण्याला मेडिकलला आम्ही एका खोलीत राहिलो, इंग्लंडला एकाच वर्षी आलो. भूल देण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण जीव जडला होता तो जुन्या जर्मन तिकिटांवर. त्यातही बव्हेरियाच्या काळ्या तिकिटावर. जर्मनीतलं ते पहिलं टपाल तिकीट, १८४९ सालचं. चौकोनात नुसता एकचा आकडा. काळ्यावर पोस्टाचा काळा शिक्का धड दिसेना, मग लोक वापरलेलंच पुन्हा लावतील म्हणून पुढच्याच वर्षी ते गुलाबी केलं. जेवायला येईल त्याला दिवाकर हा इतिहास ऐकवी. ऐंशीच्या दशकात त्याला ते मिळालं, तेही अख्ख्या पत्रावर चिकटलेलं. महिनाभर स्वारी हवेत होती.

त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वहिनींनी सरप्राइझ द्यायचं ठरवलं. लहानपणी आपण सगळ्यांनी जे केलं तेच त्यांनी केलं. पत्राचा कोपरा कापला, काचेच्या बाऊलमध्ये कोमट पाण्यात भिजवला, सुटलेलं तिकीट वर्तमानपत्रावर वाळवलं आणि छान फ्रेम करून आणलं. अशा तिकिटाचं मोल ते पत्रावर असण्यात असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी तिथे होतो. दिवाकरने फ्रेम पाहिली आणि हसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर दर पार्टीला तो बाऊल टेबलावर येई. "कम ऑन सुमन, टेल देम! जर्मनीची हिस्टरी कशी धुतलीस ते सांग ना!" वहिनी सांगत. पाणी काळं झालं इथवर आलं की त्यांचा आवाज बारीक होई, आणि आम्ही हसत असू... मी सगळ्यांत मोठ्याने. एकदा त्या मध्येच थांबल्या, तर पुढचं वाक्य मीच पुरवलं. आठ वर्षं हे चाललं. वहिनी लोकांत जाईनाशा झाल्या. "माझ्या हाताला यश नाही हो," म्हणत.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी अल्बम आवरायला गेलो. एका अल्बमच्या खिशात जर्मनीतल्या कुणा तज्ज्ञाचं पत्र सापडलं. तिकीट खरं आहे, पण त्या जुन्या पत्रावरचं नाही. मागाहून चिकटवलंय आणि शिक्क्याचा निम्मा भाग शाईने रंगवलाय. तारीख वाढदिवसाच्या आठ दिवस आधीची. पाणी काळं झालं ते त्या शाईने. ज्या काळेपणाचा इतिहास तो जगाला सांगायचा, त्यातच तो फसला होता. आपण मूर्ख दिसण्यापेक्षा बायको मूर्ख दिसलेली त्याला परवडली. माझा मित्र असा होता.

मी पत्र वहिनींना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे मी काहीच बिघडवलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी दिवाकरच्या आठवणी सांगायला नेहमीची मंडळी जमली. वहिनींनी तो बाऊल पाण्याने भरून टेबलावर आणून ठेवला.

"भाऊजी, तुम्हाला पाठ आहे ना? सांगा. यू ऑल्वेज लाफ्ड द लाउडेस्ट." मग पत्र माझ्या हातात दिलं. "या वेळी शेवटपर्यंत सांगा."

मी सांगितलं. कुणी हसलं नाही. मी तरी बोलत राहिलो, कारण त्या समोर उभ्याच होत्या.

निघताना त्यांनी तो बाऊल वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. आता तो एडिनबराला माझ्या जेवणाच्या टेबलावर असतो. पाहुणे विचारतात, रिकामा का ठेवलाय? मी विषय बदलतो.