रोह्यांसाठी खोदलेला खड्डा

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही टरबूज लावतो. गेल्या उन्हाळ्यात पंचाईत अशी झाली की जंगल एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला आणि मधोमध आमचे वेल. संध्याकाळ झाली की रोही, म्हणजे नीलगाईंचे कळप, तहानेनं निघायचे आणि वेल तुडवत पाण्याकडे जायचे. भोवती बांधलेल्या जुन्या साड्यांना ते कुठली भीक घालणार!

मग मी डोकं चालवलं. जंगलाच्या अंगाला खड्डा खणला, त्यात ताडपत्री अंथरली आणि इंजिनाचा पाइप तिथवर नेला. प्या म्हटलं इथंच. गावानं मला वेड्यात काढलं, पण दोन दिवसांतच रोही खड्ड्यावर थांबायला लागले. मोर आले, एक लंगडा कोल्हाही आला. बायको आणि मी झोपडीपुढे चहा घेत बघत बसायचो. माझी छाती नुसती फुगलेली.

त्या दिवशी ऊन कललं तेव्हा बायको रोजच्यासारखी खड्डा भरायला गेली होती आणि काठाशी उकिडवी बसून पाण्यातला पालापाचोळा काढत होती. पलीकडच्या बेशरमाच्या झाडीतून काहीतरी पिवळं बाहेर आलं. रोही पिवळा नसतो, एवढंच माझ्या डोक्यात आलं. वाघ होता. तिच्यापासून फार तर पंधरा पावलांवर.

भाजीत मीठ जास्त झालं तरी अख्ख्या धरणाला ऐकू जाईल असा ओरडणारा माणूस मी. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. खड्डा मी खणला होता. वाघाला तिथं मीच बोलावलं होतं.

ती हळूच उभी राहिली. पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे घेत झोपडीपर्यंत आली. वाघ पाण्याशी बसला, पोटभर प्याला आणि झाडीत निघून गेला.

तेव्हा कुठे मला कंठ फुटला. "दिसला नाही का तुले?"

"दिसला ना. चार दिवसांपासून त्या झाडीत येऊन राह्यला."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तुमी मले जाऊ देलं नसतं, सोता गेले असते. खड्ड्यात पाणी नाही भरलं तर टरबुजं जातात. अन् तुमच्या गुडघ्यानं पटकन उठणं होते का?"

ते चारही दिवस मी बाजेवर बसून तिच्या नावानं ओरडत होतो, लवकर आटप म्हणून. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.