दोन ठराव, एक कोतवाल

एका माणसाला पाच दिवस शिवेवरून हलू नकोस म्हणायचं, आणि त्याच माणसाला त्याच दिवशी चार कोसांवर चिठ्ठी घेऊन जा म्हणायचं, असा हुकूम तुम्ही दिला असता का? नाही म्हणायची घाई करू नका. पिंपळबोडीच्या चावडीत नऊ पंच बसले होते. कुणी खुळा नव्हता. घरी बैलाला एकाच वेळी नांगराला आणि गाडीला जुंपावं असं कुणाच्या मनातही आलं नसतं. कोतवालाच्या बाबतीत मात्र नऊच्या नऊ हात वर गेले.

तो कोतवाल म्हणजे मुखरू. धानोऱ्याकडच्या जंगलपट्टीत त्याला ओळखत नाही असा गुराखी सापडायचा नाही. बाप कोतवाल, आजा कोतवाल. गावाच्या दक्षिणेला महारांचा मोहल्ला, त्यातलं शेवटचं घर त्याचं. कुणी जन्मलं, कुणी मेलं, ते पोलीस ठाण्यात सांगायचं मुखरूने. साहेब आला की त्याचं बिछान्याचं ओझं वाहायचं मुखरूने. दवंडी त्याची, कागद त्याचे, शिव्याही त्याच्याच. अक्षर एक येत नव्हतं, पण शिक्का पाहून कोणता कागद कुठल्या कचेरीचा ते सांगायचा. आणि एका गोष्टीचा त्याला ताठा होता: वीस वर्षांत त्याच्या हातची एक चिठ्ठी उशिरा पोचली नव्हती. नाल्याला पूर असला तर कागद फेट्यात, फेटा डोक्यावर आणि माणूस गळ्यापर्यंत पाण्यात.

घरात बायको शकुबाई आणि सतरा वर्षांची एकुलती पोरगी रंभा. पोरगी जिभेची तिखट. बाप सकाळी पट्ट्यावरचा पितळी बिल्ला राखेनं घासायला बसला की म्हणायची, "बाबा, ह्या बिल्ल्याले जितकं पुसून राह्यले ना, तितकं आईले एकदा तरी विचारा, जेवली का म्हून."

"बिल्ला बोलत नाई ना बाई," मुखरू म्हणायचा. "म्हून त्याचं ऐकतो."

पंचावन्न सालचा श्रावण. भाताचा रोवणा अर्ध्यावर आलेला, बांध्यांत गुडघाभर पाणी, आणि गावात हैजा, म्हणजे पटकी, शिरला. सोमवारी वरच्या आळीत एक म्हातारा गेला, मंगळवारी तेल्याची सून गेली. मंगळवारी संध्याकाळी चावडीत पंचायत बसली.

पंचायत नवीकोरी होती. सरपंच गुणवंतराव तालुक्याला जाऊन दोन दिवस कायदा शिकून आलेले, तेव्हापासून घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी ठराव मांडतील अशी त्यांची चाल. शाळेचे दादाजी गुरुजी चिटणीस. सभेची वही तेच लिहीत.

पहिला ठराव झाला: गावात हैजा आहे, तरी धानोऱ्याच्या दवाखान्यातून डॉक्टर बोलवावा, कोतवालामार्फत ताबडतोब चिठ्ठी पाठवावी. हात वर. पास.

मग एक म्हातारा पंच म्हणाला, "डॉक्टर येईन तवा येईन. आधी गाव बांधा."

गाव बांधणं ही त्या पट्टीतली जुनी रीत. साथ आली की जंगलटोल्याचा भुमक, म्हणजे गोंडांचा पुजारी, येतो. गावाच्या शिवेवर दारूची धार सोडतो, वाटेवर कडुनिंबाचं तोरण बांधतो, खिळा ठोकतो. पाच दिवस शीव मोडायची नाही. गुणवंतरावांना रीत पसंत होती, पण नुसती रीत कशी चालेल? तिचाही ठराव झाला. बुधवारी सकाळपासून पाच दिवस गावात कोणी येणार नाही, गावातून कोणी जाणार नाही, आणि कोतवाल शिवेवर अष्टौप्रहर उभा राहील. हात वर. पास.

मुखरू पायरीखाली उभा राहून ऐकत होता. त्याने फेटा सारखा केला. "मालक, एक समजलं नाई जी."

"तुले कधी समजलं होतं गा?" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"नाई, म्हंजे चिठ्ठी कोण नेईन? मी त शिवेवर असन."

हशा थांबला. दादाजी गुरुजींचा टाक हवेतच राहिला. नऊ माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. चूक सगळ्यांना दिसली, अगदी कंदिलासारखी लख्ख दिसली. पण चूक कोतवालाने दाखवली होती ना! सरपंचाने ती पायरीखालच्या माणसाच्या तोंडून कशी ऐकायची?

"ठराव पास झाला," गुणवंतराव म्हणाले. "आता बदलाचा म्हंजे फेरसभा. फेरसभेले तीन दिवसाची नोटीस लागते. कायदा आहे."

"मंग दुसऱ्या कोणाले पाठवा ना जी."

"वहीत कोतवाल लिहिलं आहे."

"बरं, नोटीस त नोटीस. ते कोण फिरवन?"

"कोतवाल," दादाजी सवयीने बोलून गेले, आणि पुन्हा एकदा सगळी चावडी हसली. गावात दोन मुडदे पडले होते आणि चावडी हसली. शेवटी गुणवंतरावांनी चिठ्ठीवर शिक्का मारून ती मुखरूच्या हातात दिली. "ठेव तुयाजवळ. बांधणी सुटली की पयलं काम हेच कर." सभा संपली.

बुधवारी सकाळी जंगलटोल्याचा कोलू भुमक आला, त्याने शीव बांधली, आणि फेट्यात चिठ्ठी घेऊन मुखरू तोरणाखाली उभा राहिला. चिठ्ठी ताबडतोब न्यायची होती. तो ताबडतोब उभा होता.

बुधवार गेला. गुरुवारी गावातून आणखी दोन प्रेतं गेली. तीही त्याच्या समोरून, कारण मसण शिवेच्या आत, तोरणालगतच होतं. कागदाने डोकं खाजतं तसा तो सारखा फेट्याला हात लावायचा. दोनदा त्याने वरच्या आळीला सरपंचाकडे निरोप धाडला. दोनदा उत्तर आलं, जागा सोडू नको.

शुक्रवारी झुंजुरक्याला, उजाडता उजाडता, शकुबाई पळत आली. लुगडं चिखलाने भरलेलं.

"रंभाले ओकारी लागली. जुलाबबी. पाण्यासारखा जाऊन राह्यला."

मुखरूचा हात फेट्याकडे गेला.

"ऐकू येऊन राह्यलं का तुमाले? डोळे आत गेले तिचे. डोक्यावर चिठ्ठी घेऊन काऊन उभे राह्यले? जा ना!"

"शीव बांधली आहे शकू. मी मोडली आन् गावात कोणी मेलं, त..."

"न मोडता मरूनच राह्यले ना!"

तेवढ्यात कोलू भुमक आला. रोज सकाळी खिळ्याला हळद लावायला तो शिवेपर्यंत येई आणि बाहेरूनच परत जाई. काळा, वाळका म्हातारा. त्याने दोघांकडे पाहिलं, काय झालं ते विचारलं, मुखरूने सांगितलं. चिठ्ठीचंही सांगितलं. कोलू खालीच बसला.

"कोण म्हणला तुले जाऊ नको म्हून?"

"पंचायत."

"मी बांधलो का पंचायत बांधली?" कोलू चिडला. "मी रोगाले बांधलो, दादा. दवा आणणाऱ्याले नाई बांधलो. माया बापाच्या वक्ती बांधणी झाली, त जडीबुटीवाला माणूस रोज जंगलात जाये. तोरणाखालून जाये आन् तोरणाखालून ये. मले कोणी इचारलंच नाई. बलावलं, दारू दिली, खिळा ठोक म्हणले, जा म्हणले."

मुखरूने फेटा घट्ट केला. पट्टा आवळला, तोरणाखालून वाकून बाहेर पडला. शकुबाई सांगते, त्याने मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो गेला नसता.

चार कोस. मधे नाला तुडुंब. दुपार कलता तो धानोऱ्याला पोचला. डॉक्टर दुसऱ्या गावच्या साथीला गेलेले, संध्याकाळी परतले. चिठ्ठी वाचून त्यांनी विचारलं, "यावर तारीख मंगळवारची आहे. आज शुक्रवार. कुठे होतास?"

मुखरूने खाली मान घातली. वीस वर्षांतली पहिली चिठ्ठी उशिरा पोचली होती.

दुसऱ्या दिवशी फटफटताच डॉक्टर, कंपाउंडर आणि मुखरू निघाले. कंपाउंडरच्या डोक्यावर पेटी, तीत टोचायची दवा, विहिरीत टाकायची लाल दवा, आणि शिरेतून द्यायच्या मिठाच्या पाण्याच्या सहा बाटल्या. रात्रीतून नाला उतरला होता. वाटेत मुखरू सारखा पुढे जायचा आणि मागच्यांसाठी थांबायचा. शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला ते शिवेवर आले. तोरणाखाली चार लाठ्या उभ्या होत्या.

"बांधणी उद्या सुटते," लाठीवाले म्हणाले.

डॉक्टर तरुण होते, भडकले. "मी सरकारी माणूस आहे!"

"पंचायतबी सरकारीच आहे साहेब."

गुणवंतरावांना निरोप गेला. ते आले, पंच आले, गुरुजी वही घेऊन आले. पंच शिवेच्या आत, डॉक्टर बाहेर, मधे कडुनिंबाचं ओलं तोरण, आणि रिमझिम पावसात घोंगड्या डोक्यावर घेऊन सभा बसली. तीन दिवसांच्या नोटिशीचा कायदा त्या दिवशी कुणाला आठवला नाही. वाद दुसराच होता. शिवेवर लिंबू कापून डॉक्टरला घ्यावं की नारळ फोडून? आधी देवळात न्यावं की आधी सरपंचाच्या घरी? उन्हं असती तर डोक्यावर आली असती तेव्हा ठराव झाला: डॉक्टरला आत घ्यावं, त्याने वरच्या आळीपासून सुरुवात करावी. आणि शीव मोडणाऱ्या कोतवालाने बांधणी सुटेपर्यंत बाहेरच राहावं.

"मालक, माई पोरगी!" मुखरू ओरडला. "डॉक्टरसाहेब, पयले माया घरी! दक्षिणेकडं, शेवटचं घर, मोहाच्या झाडाजवळ!"

डॉक्टरांनी वळून विचारलं, "सगळ्यात जास्त आजारी कोण आहे?"

"चला ना साहेब, दाखवतो," गुणवंतराव म्हणाले आणि त्यांना वरच्या आळीला घेऊन गेले.

मुखरू तोरणापासून चार हातांवर उभा. लाठ्या समोर. त्यांतला एक त्याच्यासोबत लहानाचा मोठा झालेला वारलू. त्याच्याकडे बघून मुखरू म्हणाला, "वारलू, जाऊ दे ना गा. मी कोणाले सांगनार नाई." वारलूने मान दुसरीकडे फिरवली. लाठी मात्र आडवीच.

वरच्या आळीत बाटल्या लागत गेल्या. दोन घरांतली माणसं खरंच मरणाच्या दारात होती, ती वाचली, ते नाकारायचं कारण नाही. पण एक बाटली सरपंचाच्या मेव्हण्याला लागली, त्याला दोनदा जुलाब झाले होते आणि तो बाजेवर बसून तंबाखू मळत होता. डॉक्टर दक्षिणेला निघाले तेव्हा दिवस कलला होता. बाटली एक उरली होती. शेवटच्या घरी पोचले तेव्हा रंभाला जाऊन घटका झाली होती.

शकुबाईचा टाहो शिवेपर्यंत आला. मुखरूने तो ओळखला. तरी त्याने वारलूला विचारलं, "कोणाकडं आहे गा?" मुखरू तिथेच चिखलात बसला. पोरीला मूठमाती द्यायलाही त्याला आत घेतलं नाही, कारण बांधणी रविवारी सुटणार होती.

चिठ्ठी बुधवारी गेली असती तर डॉक्टर गुरुवारी आले असते. रंभाला त्रास सुरू झाला शुक्रवारी. हिशेब एवढाच आहे, त्याला कायद्याचं पुस्तक लागत नाही.

रविवारनंतर गावात आणखी पाच माणसं गेली, मग साथ हटली. पाचही मरणं मुखरूच्या माथी बसली. शीव त्याने मोडली, मरीमाय रागावली, असं पाणवठ्यावर बाया बोलू लागल्या. त्याच बाया, ज्यांच्या दंडावर डॉक्टरच्या सुईचा व्रण होता.

महिन्याने तालुक्याचे साहेब चौकशीला आले. दादाजी गुरुजींनी वही पुढे केली. साहेबांनी पहिला ठराव वाचला. पंचायतीने मंगळवारीच डॉक्टरला चिठ्ठी लिहिली, डॉक्टर आले, साथ आटोक्यात आली. सरपंचांचं कौतुक झालं, कागदावर झालं, शिक्क्यासकट. मग साहेबांनी दुसरा ठराव वाचला. कोतवाल शिवेवर राहील. कोतवाल राहिला नाही. शुक्रवार सकाळपासून गैरहजर. कोतवाल बडतर्फ.

"साहेब," मुखरू म्हणाला, "पयल्या ठरावाची चिठ्ठी मीच त नेली. म्हून त दुसरा मोडला."

"कशावरून?"

दादाजी गुरुजी वहीकडे बघत म्हणाले, "कोतवालामार्फत पाठवावी, असा ठराव आहे. पण गेली ती पंचायतीमार्फत, इतकीच नोंद आहे."

कोलू भुमक जंगलटोल्याहून आपण होऊन आला होता. त्याने उभं राहून सगळं सांगितलं, बांधणीची खरी रीतही सांगितली. साहेबांनी गावकऱ्यांची यादी चाळली. म्हातारा दुसऱ्या गावचा, त्याची साक्ष या गावाच्या कामात कशी धरणार? गावचा साक्षीदार आणा. मुखरूने चावडीभर नजर फिरवली. वारलू होता, दोन लाठीवाले होते, नऊ पंच होते. सगळे जमिनीकडे बघत होते, जणू तिथे काही सांडलं होतं. धानोऱ्याच्या डॉक्टरांची तोवर दूर बदली झाली होती.

बिल्ला त्याच दिवशी काढून घेतला. आता मुखरू लोकांच्या बांध्यांत रोवण्याला जातो. शकुबाई त्याच्याशी बोलत नाही. तो वेळेवर निघाला नाही म्हणून गाव त्याला काही म्हणत नाही, निघालाच कशाला म्हणून म्हणतं. ती त्याला निघायला तीन दिवस का लागले म्हणून म्हणते. तिचंच बरोबर आहे, असं तो स्वतः सांगतो.

त्याने अर्ज केला आहे. नोकरीसाठी नाही. वहीत एवढी ओळ घाला, की चिठ्ठी मुखरू कोतवालाने नेली. पोरगी गेली ती गेली, पण तिचा बाप त्या दिवशी पळून गेला होता असं सरकारी कागदावर राहू नये. येत्या सोमवारी तालुक्याच्या कचेरीत त्याची तारीख आहे, आणि तिथे तालुक्यातल्या कुठल्याही गावची साक्ष धरतात.

त्या शुक्रवारी धानोऱ्याच्या वाटेवर तुमच्यातले कितीतरी होते. कुणी नाल्याकाठी ढोरं चारत होतं, कुणी बांधीत भाताचे परे, म्हणजे रोपं, उपटत होतं. डोक्यावर फेटा घट्ट धरून गळ्याएवढ्या पाण्यातून जाणारा माणूस तुम्ही पाहिला आहे. सोमवारी कचेरीत या, आपलं नाव सांगा, आणि जे पाहिलं ते मोठ्याने बोला.