दामूकाकांचा सकाळचा फोन

दामूकाकांनी ती इवलीशी नळी दवाखान्याच्या काउंटरवर रिकामीच परत ठेवली. सकाळी उठल्या उठल्या, चूळही न भरता, तीत थुंकी आणायची होती; ताणाचं हार्मोन तपासायला. काउंटरवरच्या ताई रागावल्या, तर म्हणाले, "उठायच्या आधी झोपावं लागतं ना, ताई? मी झोपलोच नाय, तर उठलो कवा म्हणू?"

मी बारावीत होते. माझीही नळी रिकामीच होती, कारण मी उठले तेव्हा दुपार झाली होती. कित्येक महिन्यांनी मला हसू आलं.

काका इंदिरानगरमध्ये आमच्याच मागच्या गल्लीत एकटे राहायचे. जन्मभर अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी केली. काकू गेल्या आणि झोपही गेली. नंबर नसतानाही ते दवाखान्यात येऊन बसायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "इथं नाव घेऊन हाक मारतात. घरी कोण मारतंय?" मला फार वाईट वाटलं. माझ्या घरात माणसं होती, तरी मलाही तसंच वाटायचं.

दोघांनाही डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरबाई परोपरीनं सांगायच्या, की ही झोपेची गोळी नाही, गुण यायला काही आठवडे लागतात, मनानं बंद करू नका. काका वैतागायचे. "माझी झोप तू खाल्लीस, पोरी. निम्मी परत दे." मग त्यांनीच तोड काढली. उजाडलं की ते फोन करणार, मी उठायचं आणि दोघांनी गोळी घ्यायची. आईनं चादर ओढली तरी मी हलत नव्हते, पण या माणसापुढे पडून राहायची सोय नव्हती. "आवाज आडवा येतोय. उभी राहा आधी." अस्सा राग यायचा! पण उभी राहायचे.

एकदा म्हणाले, "आता नको वाटतं गं सगळं." मी घाबरून आईला सांगितलं आणि आई त्यांना लगेच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी फोन वाजलाच नाही. मी लावला, तर उचलेनात. मी आईला हाक मारली आणि अनवाणीच पळत सुटले. दार बडवून बडवून हात लाल झाले, तेव्हा कुठे ते उघडलं. काकांच्या गालावर उशीचे वळ होते.

"काय गं? झोपू दे की."

मी पायरीवर बसून मोठ्यानं रडले. काकांनी गालावरच्या वळांवरून हात फिरवला. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हंजे उठलो म्हणायचं की मी," ते हळूच म्हणाले. "आज ती नळी पाहिजे होती."

पुढे ते इगतपुरीला बहिणीकडे राहायला गेले. फोन कमी होत होत थांबले. मला आता आपोआप जाग येते, घर झोपलेलं असतं, बोलायला कुणी नसतं. मोबाइल हातात घेते. काकांना फोन करावासा फार वाटतो. पण ते झोपले असतील, म्हणून करत नाही.