तोर्गुनचा बर्फाचा पट्टा

तोर्गुन ब्रेक्केचं नाव काढा, आमच्या गावातला कुणीही हेच सांगेल, "बाई गुणाची, पण भारी तिरसट." मी तिची शेजारीण, शाळेत एका बाकावर बसलेली. मला विचाराल तर हा तिरसटपणा ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. तो तिला आम्ही दिला. रोज एकेक फावडं.

तरुणपणी ती गवताच्या माळ्यावरून खाली पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. मग ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसायला लागली. अख्ख्या गावाची बोलणी तिच्या हातून जोडली जायची, त्यामुळे कुणाचं कुणाशी वाजलंय हे तिला त्यांच्याआधी कळायचं. उन्हाळाभर ती चाकाच्या खुर्चीतून फिरायची. पण बर्फ पडला की ती खुर्ची रुतायची. एका हिवाळ्यात तिने पोरांची असते तसली घसरगाडी मागवली. खाली लोखंडी पट्ट्या, वर बसायला फळी, आणि ढकलायला हातात दोन आखूड टोकदार काठ्या. तळं गोठलं की तोर्गुन जी सुटायची! दंड तर असे झाले होते की लाकूडतोड्यांनी लाजावं.

अडचण एकच होती. घरापासून तळ्यापर्यंतची वाट.

आमच्याकडे नॉर्वेत प्रत्येक दाराशी बारीक खडीची बादली असते. रस्त्यावर बर्फ गोठून काचेसारखा झाला की माणूस आधी आपल्या दारात खडी पसरतो आणि मग शेजारच्या म्हाताऱ्याकोताऱ्याच्या. तसं नाही केलं तर लोक नावं ठेवतात. तोर्गुनच्या दारात रोज पहाटे खडी पडलेली असायची, आणि खडीवर घसरगाडी चालत नाही. जातं ओढल्यासारखी खरखरते आणि जागच्या जागी बसते. तोर्गुन उंबऱ्यात बसून रोज झाडूने ती लोटायची आणि शिव्या द्यायची.

खडी कोण टाकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. एइलेव मास्तर. आम्हा दोघींना शिकवलेले, आता निवृत्त, गावातल्या प्रत्येक चांगल्या कामात पुढे.

"मास्तर, नका टाकत जाऊ हो," ती म्हणायची.

"अगं पण तू पडलीस म्हणजे?"

"मी बसलेलीच आहे, मास्तर! बसलेला माणूस आणखी कुठे पडणार?"

मास्तर हसायचे, मान हलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत बादली घेऊन हजर. राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीतही तेच. तोर्गुनची खुर्ची सगळ्यात पुढे, ढकलायला मास्तर, आणि दोन्ही बाजूंनी टाळ्या. ती घरी आली की मला म्हणायची, "मी काय केलं म्हणून वाजवतात गं? बसले होते नुसती."

मग अपंगांचे हिवाळी खेळ आमच्या गावाला मिळाले. घसरगाडीच्या शर्यतीसाठी तोर्गुन देशाच्या संघात निवडली गेली, आणि वर उद्घाटनाच्या संचलनात झेंडाही तिच्याकडेच आला. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यापाशी रडली. "एकदाच," म्हणाली, "सगळ्या गावासमोर माझ्या हातांनी जाणार. कुणाचा हात न लागता." झेंड्याची काठी बसवायला तिने घसरगाडीच्या मागे लोखंडी नळी जोडून घेतली.

शाळेत सभा झाली. तोर्गुन सरळ बोलली, "कुबड्यावाले येणार, खुर्चीवाले येणार. त्यांच्यासाठी खडी हवीच. माझं एवढंच मागणं आहे, संचलनाच्या वाटेच्या कडेने चार हात रुंद पट्टा कोरा सोडा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी तर सगळ्यात जास्त.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बर्फ वितळला आणि रात्रीत परत गोठला. सकाळी संचलनाचं मैदान नुसतं आरसा झालं होतं. गावाची पाचावर धारण बसली. परदेशी पाहुणे पडले तर? लगेच श्रमदान ठरलं. दुकानं बंद करून माणसं फावडी घेऊन धावली. मी शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी वॅफल, म्हणजे आमच्याकडच्या जाळीदार गोड पोळ्या, भाजत होते. मैदानावर असते तर एकेकाला फावड्याखाली घेतलं असतं.

दुपारी संघ एकामागून एक आत जाऊ लागले. ऑस्ट्रियावाले गेले, जपानी गेले, कॅनडावाले गात गात गेले. यजमान सगळ्यात शेवटी. तोर्गुनची रिकामी खुर्ची सांभाळायला मी फाटकापाशी उभी होते. ती घसरगाडीवर झेंडा लावून पुढे आली, आणि थांबली. या टोकापासून त्या टोकापर्यंत खडी. चार हात सोडाच, बोटभर बर्फ कोरा नव्हता.

"मास्तर," ती म्हणाली, "माझा पट्टा कुठाय?"

फाटकावर मास्तरच होते, दंडाला स्वयंसेवकाची फीत बांधून. ते गोरेमोरे झाले. "ठेवला होता गं. मी स्वतः दोरी लावली होती. पण लोकांना ते चकाकणारं बघवेना. जो येईल तो एकेक फावडं टाकून जायला लागला."

"आणि तुम्ही?"

मास्तरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. "मी पण टाकलं. शेवटी एवढासाच राहिला होता. बरं दिसेना."

बरं दिसेना! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात आतून पुकारा झाला, "आणि आता यजमान, नॉर्वे!"

"खुर्चीत बस," मास्तर घाईने म्हणाले. "मी ढकलतो. झेंडा तुझ्याच हातात राहील. सगळे टाळ्या वाजवतील बघ."

"तेच नकोय मला!" तोर्गुन ओरडली आणि काठ्या मारून खडीवर शिरली. गाडी खरखरली, हातभर सरकली, अडली. तिने परत जोर लावला. परत हातभर. मानेच्या शिरा फुगल्या. जवळच्या बाकांवरच्या लोकांनी पाहिलं आणि टाळ्या सुरू केल्या. पहिलं पाऊल टाकणाऱ्या लेकराला वाजवतात ना, तशा, हळूहळू, गोड हसत. सगळे आमच्याच गावचे. तोर्गुनचा चेहरा मला बघवेना.

तिने गाडी वळवली, संघातल्या माणसांना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे," आणि फाटकाबाहेर आली. मैदानाच्या मागे, उपसलेल्या बर्फाच्या उंच ढिगाऱ्यापलीकडे, सांडपाणी गोठून एक अरुंद वाट झाली होती. तिथे खडी टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण तिथून कोण जाणार? तोर्गुन तिकडे शिरली.

मी मागे धावले. काय सांगू! बर्फावर पट्ट्या टेकल्या आणि ती सुटली. काठ्या खटखट पडत होत्या, झेंडा फडफडत होता, आणि ती इतकी जोरात, इतकी सरळ चालली होती की मी तिथेच रडायला लागले. पाहायला होतो आम्ही दोघंच, मी आणि कॉफी पीत उभा असलेला रुग्णवाहिकेचा चालक.

आत, मला नंतर कळलं, आमचा संघ झेंड्याविना चालला होता. लोक एकमेकांना विचारत होते. मग कुणीतरी बोट दाखवलं. ढिगाऱ्यावरून झेंड्याचं फक्त टोक पळताना दिसत होतं. ती व्यासपीठाच्या बाजूने बाहेर आली तोवर भाषण सुरू झालं होतं आणि सगळ्यांच्या माना भाषण करणाऱ्याकडे वळल्या होत्या.

नंतर मास्तर आले. डोळे ओले होते. "लोकांना तू दिसलीच नाहीस गं. मी ढकलत आणलं असतं तर सगळ्यांनी पाहिलं असतं."

"काय पाहिलं असतं, मास्तर?"

मास्तरांनी दंडावरची फीत सोडली आणि ते घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी तिची शर्यत होती. सकाळी मी तिला घ्यायला गेले. तोर्गुन घसरगाडी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. दारापासून रस्त्यापर्यंत ताजी खडी होती, नेहमीपेक्षा जाड, अगदी हाताने सारखी केलेली.

"येऊन गेला मास्तर," ती म्हणाली. "खिडकीतून पाहिलं मी. टाकताना रडत होता गं."



"मेला वाईट असता ना, तर किती बरं झालं असतं," तोर्गुन म्हणाली. "झाडू दे इकडे."